तारीख, पत्ता आणि चार ओळी

पदव्युत्तर वर्गाला एलियटची ‘द वेस्ट लँड’ शिकवण्यात आमची सोळा वर्षे गेली. त्या कवितेच्या पहिल्याच भागात सर्दीने बेजार झालेली एक भविष्य सांगणारी बाई येते. मादाम सोसोस्ट्रिस तिचे नाव. ती टॅरोच्या जोडातला एकेक पत्ता टाकत जाते आणि काव्यात पुढे जी सोंगे यायची आहेत ती जणू आधीच पटावर मांडून ठेवते. या ओळींवर आमची टिपणे पक्की होती. बुडालेला खलाशी, टांगलेला माणूस, चक्र, एकाक्ष व्यापारी अशी प्रत्येक प्रतीकाची फोड आम्ही डोळे मिटून सांगू शकत होतो. २०१७ च्या पावसाळ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “मॅडम, तुम्ही हे पत्ते पाहिलेत का?”

आम्ही पाहिले नव्हते. सोळा वर्षांत तसे मनातही आले नव्हते. अशा वेळी मास्तर लोक जे करतात ते आम्ही केले. खुद्द एलियटने १९२२ च्या पुस्तकाला जोडलेल्या टिपांमध्ये टॅरोच्या जोडाची नेमकी रचना आपल्याला ठाऊक नाही अशी कबुली दिली आहे आणि त्याचा तो बुडालेला फिनिशियन खलाशी मुळात त्या जोडात नाहीच, ही माहिती ढालीसारखी पुढे केली. वर्ग हसला. ती मुलगी मात्र हसली नाही. पुढच्या आठवड्यात तिने आपला स्वतःचा जोड आणून आमच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “महिनाभर ठेवा, मॅडम. रोज एक पत्ता काढा आणि वहीत लिहा. अर्थ मात्र शोधू नका.”

महिन्याने तिचा जोड परत केला आणि स्वतःसाठी एक विकत घेतला. आजमितीस खणात पाच वह्या आहेत. त्यांच्याविषयी चारचौघांत बोलण्याची ही आमची पहिलीच वेळ. वहीत आम्ही ‘मी’ असतो, इथे येताना ‘आम्ही’ झालो आहोत. त्यातला संकोच वाचकांनी समजून घ्यावा.

संकोचाला कारण आहे. आमच्या पिढीच्या शिकलेल्या मराठी माणसाला ‘भविष्य’ म्हटले की आधी कुडमुड्या जोशी आठवतो आणि मग स्टेशनाबाहेरचा पोपटवाला. पिंजऱ्याचे दार उघडायचे, पोपटाने तुरुतुरु चालत येऊन एक पाकीट चोचीने ओढायचे आणि मालकाने त्यातला मजकूर आपल्या तोंडावर एक डोळा ठेवून वाचायचा. लहानपणी त्या पोपटाचा आम्हाला हेवा वाटे. मोठेपणी वर्गात अंधश्रद्धेवर बोलताना दाखला म्हणून तो उपयोगी पडला. असा माणूस रोज सकाळी चहानंतर पत्ते पिसतो हे सहकाऱ्यांना कळले असते तर स्टाफरूममध्ये काय झाले असते, याची कल्पना आहे. तेव्हा आधीच सांगून टाकतो: पत्त्यांना काही कळते असे आम्ही मानत नाही. पुठ्ठ्याच्या अठ्ठ्याहत्तर तुकड्यांना आमच्या घरातले काय कळणार?

आणि पत्त्यांचा इतिहासही त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही. टॅरो जन्माला आला तो खेळ म्हणून. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर इटलीतल्या मिलान, फेरारा अशा दरबारांत हे पत्ते खेळले जात. नेहमीच्या चार रंगांच्या छप्पन्न पत्त्यांना बावीस चित्रपत्त्यांची जोड दिलेली. त्यातले एकवीस म्हणजे कायमचे हुकूम, आणि बाविसावा ‘मूर्ख’, त्याचे नियम निराळे. पुढची तीन शतके आणि अधिक काळ लोक त्यांनी हात करत होते, पैसे हरत होते, बस्स. मग १७८१ साली आंत्वान कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने आपल्या ग्रंथाच्या एका खंडात जाहीर केले की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या ज्ञानाचा गुप्त ग्रंथ होय. पुरावा काही नव्हता. इजिप्तची चित्रलिपी शाँपोलियोंने उलगडली ती १८२२ साली, म्हणजे आणखी एकेचाळीस वर्षांनी. पण लिपी वाचता येत नसताना तिच्यात काय लिहिले आहे हे सांगणे त्या गृहस्थांना अवघड गेले नाही. हसू येते खरे. पण सोळा वर्षे पत्ते न पाहता पत्त्यांवर व्याख्याने देणाऱ्या आम्हाला फार वेळ हसता आले नाही. पुढे मायकेल डमेट या तत्त्वज्ञाने १९८० साली टॅरोच्या खेळावर जाडजूड ग्रंथ लिहून हा सारा गूढ कारखाना किती उशिरा उभा राहिला ते साधार दाखवले. डमेट तर्कशास्त्रातला मोठा माणूस, आणि पत्त्यांचा शौकीन.

नानांना, म्हणजे आमच्या वडिलांना, यातले काही सांगावे लागले नाही. ते सावंतवाडीजवळच्या एका गावचे. २०१५ साली आई गेल्यावर आम्ही त्यांना पुण्याला आमच्याकडे आणले. पहिल्या दिवशी टेबलावरचा जोड त्यांनी उचलला, एक पत्ता बोटांत धरून उजेडाकडे नेला आणि विचारले, “हे गंजिफे चौकोनी कसे?” सावंतवाडीच्या चितारआळीत हाताने रंगवलेले दशावतारी गंजिफे त्यांनी लहानपणी पाहिले होते. गोल पत्ते, लाखेचा थर दिलेले. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची पाने, एकूण १२०. अठ्ठ्याहत्तर हा आकडा ऐकून नाना म्हणाले, “मग जोड अपुरा आहे.” मत्स्य आणि कूर्म हातात असूनही त्या पत्त्यांकडून कुणी भविष्य विचारले नाही, हेही त्यांनी सांगितले. भविष्य विचारायला देऊळ होते. त्याकडे पुढे येऊ.

आता वहीविषयी. आमच्याकडचा जोड १९०९ च्या डिसेंबरात लंडनच्या रायडर या प्रकाशनाने काढलेल्या जोडाची आवृत्ती आहे. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रे पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. दोघेही ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या मंडळाच्या वर्तुळातले, येट्सही तिथलाच. जोडाला नाव मिळाले ते प्रकाशकाचे आणि वेटचे. स्मिथबाईंना थोडीशी बिदागी मिळाली, आणि पत्त्याच्या कोपऱ्यात नागमोडी अक्षरांची सही. त्यांचे बालपण काही इंग्लंडात आणि काही जमैकात गेले. जमैकातल्या लोककथांचे पुस्तक त्यांनी १८९९ साली काढले. लंडनच्या लायसियम थिएटरच्या मंडळींबरोबर त्यांनी काम केले. १९५१ साली कॉर्नवॉलमध्ये त्या वारल्या तेव्हा देणी फेडण्यासाठी घरातले सामान विकावे लागले. आज जगभर कोट्यवधी हातांत ती चित्रे आहेत.

ही चित्रेच वहीच्या मुळाशी आहेत. त्याआधीच्या बहुतेक जोडांत लहान पत्त्यांवर नुसत्या खुणा असत: पाच पेले, सात तलवारी, आपल्या इस्पिक-बदामासारख्या. सात तलवारींकडे पाहून कुणी काय लिहिणार? स्मिथबाईंनी प्रत्येक पत्त्यावर माणूस आणला आणि त्याला काहीतरी करायला लावले. कुणी अंथरुणात उठून बसला आहे, तोंड हातांत लपवलेले, मागे भिंतीवर नऊ तलवारी. कुणी काळ्या झग्यात उभा, पुढे तीन पेले सांडलेले, मागे दोन उभे आहेत ते त्याला दिसत नाहीत. कुणी रचून ठेवलेल्या आठ पेल्यांकडे पाठ करून रात्री डोंगराकडे निघाला आहे. रंगभूमीवर वावरलेल्या बाईंचे हे काम असल्याचे चटकन कळते. पडदा वर गेला आहे, पात्र उभे आहे, संवाद मात्र आपण लिहायचा.

पद्धत साधी आहे. जोड पिसायचा, वरचा पत्ता उलटायचा, वहीत तारीख घालायची, पत्त्याचे नाव लिहायचे आणि खाली चार ओळी. पहिल्या दोन ओळींत चित्रात जे दिसते तेवढेच. उरलेल्या दोन ओळींत त्यावरून जे मनात आले ते. जोडाबरोबर अर्थांची एक छोटी पुस्तिका येते. ती आम्ही पहिले सहा महिने कपाटावर टाकून दिली होती. या शिस्तीचे मूळ टॅरोत नाही, आमच्या पेशात आहे. आय. ए. रिचर्ड्‌सने केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवीचे नाव न देता कविता वाचायला दिल्या आणि त्यांची मते गोळा करून १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हे पुस्तक लिहिले. चांगली शिकलेली मुले समोरची ओळ वाचतच नाहीत, मनात आधीपासून तयार असलेला ठरीव प्रतिसाद तिच्यावर चिकटवतात, हे त्यातले एक दुखरे निरीक्षण. आम्ही हे दरवर्षी शिकवतो. पत्त्यांपुढे बसल्यावर कळले की शिकवणे निराळे. ‘मृत्यू’चा पत्ता आला त्या सकाळी आम्ही पहिल्या ओळीत “भीती” असे लिहिले होते. ते चित्रात कुठे आहे? चित्रात पांढरा घोडा आहे, गुडघे टेकलेले मूल आहे, लांबवर दोन बुरुजांमधून सूर्य दिसतो आहे.

पुस्तिका सहा महिन्यांनी उघडली तेव्हा तिच्यातला प्रत्येक अर्थ आम्हाला लागू पडत होता. अगदी चपखल. इथे मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बर्ट्रम फोररचा प्रयोग आठवेल. १९४८ साली त्याने आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझे व्यक्तिमत्त्व’ म्हणून एक कागद दिला. मुलांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मग कळले की सर्वांच्या कागदावर एकच मजकूर होता, ज्योतिषाच्या एका बाजारू पुस्तकातून उचललेला. पुस्तिका पुन्हा कपाटावर गेली. अर्थ सर्वांचा असतो. वहीत हवे होते ते फक्त आमच्या घरातले, त्या दिवसाचे.

पण इतकी सावधगिरी बाळगूनही, ज्या कामासाठी वही ठेवतात त्याच कामात आमची फसगत झाली.

टॅरोची वही ठेवणारे लोक सांगतात की तिने अंतःप्रेरणा जागी होते. आतला आवाज ऐकू येऊ लागतो. आम्हालाही तसे वाटू लागले होते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी आमच्या बोलण्यात “मला तेव्हाच वाटले होते” हे वाक्य वाढले. विभागातल्या कुणाची बदली झाली, कुणाचे लग्न मोडले, आम्हाला आधीच वाटलेले असायचे.

२०२१ च्या ऑक्टोबरात नानांना स्मृतिभ्रंश असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. सुरुवात होऊन बराच काळ झाला असावा, असेही म्हणाले. रात्री आम्ही नाशिकला धाकट्या भावाला फोन केला. सगळे सांगून झाल्यावर आम्ही म्हणालो, “मला दोन-अडीच वर्षांपूर्वीच वाटलं होतं रे. आतून कळलं होतं.”

तो काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, “मग तेव्हाच का नाही बोललीस, ताई?”

फोन ठेवून आम्ही वह्या काढल्या. हेतू शुद्ध नव्हता हे कबूल करतो. भावाला दाखवायला काहीतरी हवे होते: हे बघ, इथे लिहिले आहे, अमुक तारखेला. रात्री दीडपर्यंत पाने चाळली.

“नानांचे काहीतरी बिनसले आहे” असे एकाही पानावर नव्हते.

जे होते ते असे. दहा नाण्यांचा पत्ता त्या वर्षांत अनेकदा आला होता. त्या पत्त्यावर एका मोठ्या घराची कमान आहे. कमानीखाली एक पुरुष आणि एक बाई बोलत उभी आहेत. बाईच्या आडून एक मूल कुत्र्याला हात लावते आहे. आणि पुढे, डाव्या बाजूला, वेलबुट्टीचा झगा घातलेला पांढऱ्या केसांचा एक म्हातारा बसलेला आहे. पुस्तिकेत याचा अर्थ धनधान्य, घराणे, सुबत्ता असा काहीसा आहे. ११ ऑगस्ट २०१७ च्या पानावर आमच्या अक्षरात आहे: “दहा नाणी. भरलेले घर. नवरा-बायको कमानीत बोलत आहेत, पोर कुत्र्याशी खेळते आहे. सुबत्ता.” म्हाताऱ्याचा उल्लेख नाही. चित्रातली सर्वांत जवळची, सर्वांत मोठी आकृती आम्हाला दिसलीच नव्हती. आणि नाना तेव्हा पलीकडच्या खोलीत होते.

मग १९ मार्च २०१९. “दहा नाणी. डाव्या कोपऱ्यात एक म्हातारा बसला आहे, झग्यावर द्राक्षांचे घड. आज नानांनी विजेचे बिल भरले का हे चौथ्यांदा विचारले. तीनदा नीट सांगितले. चौथ्यांदा ओरडले. तास बुडता बुडता राहिला.”

या ओळी आम्ही त्या रात्री किती वेळा वाचल्या ते सांगवत नाही. आम्ही पाहिले होते, मोजले होते, तारखेसह लिहून ठेवले होते. जाणीव मात्र वैतागाची होती. ‘आतून कळले होते’ हे आम्ही भावाला सांगितले तेव्हा खोटे बोलत नव्हतो. आम्हाला खरोखर तसे आठवत होते. आठवणच नंतर शिवलेली होती. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने नेमका हाच प्रकार तपासला आहे. १९७२ साली निक्सन पेकिंग आणि मॉस्कोला जाणार होते तेव्हा त्याने आणि रूथ बेथने विद्यार्थ्यांना अमुक घडेल, तमुक घडेल याची शक्यता किती वाटते ते लिहायला लावले. दौरे संपल्यावर, तुम्ही आधी काय लिहिले होते ते आठवून सांगा, असे विचारले. जे घडले होते त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असे पुष्कळांना आठवू लागले. १९७५ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यांच्याजवळ विद्यार्थ्यांचे जुने कागद होते म्हणून हे उघडकीला आले. आमच्याजवळ १९ मार्चचे पान होते.

आणखी एक सांगायचे तर आहे, आणि सांगू नये असेही वाटते. त्या रात्री आम्ही पेन उचलले आणि त्याच पानाच्या समासात लिहिले, “तेव्हाच वाटले होते, काहीतरी चुकते आहे.” शाई तीच, अक्षर तेच. कुणाला कळले नसते. दहा मिनिटांनी ती ओळ खोडली आणि शेजारी त्या रात्रीची तारीख घातली. खोडलेली ओळ अजून वाचता येते.

पुढच्या महिन्यात, १४ नोव्हेंबरला, तोच पत्ता पुन्हा आला. त्या दिवशीचे पान: “कमानीतले दोघे म्हाताऱ्याकडे पाहत नाहीत. पोर कुत्र्याकडे वळले आहे. म्हाताऱ्याकडे लक्ष आहे ते फक्त दोन कुत्र्यांचे.” साहित्य शिकवणाऱ्याला इथे ओडिसियस आठवल्याशिवाय राहत नाही. वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात तो घरी येतो आणि उकिरड्यावर पडलेला म्हातारा आर्गोस तेवढा त्याला ओळखतो. पण हा विचार वहीत लिहिला नाही. तो वर्गासाठी ठेवला. खाली एवढेच आहे: “नाना आज मालवणीत बोलले. ‘बाय, आज खंयचो वार गो?’ पुण्यात आल्यापासून पहिल्यांदा. सांगितला. पुन्हा विचारला. पुन्हा सांगितला.”

पत्त्याने आम्हाला काही सांगितले काय? कुणी म्हणेल की २०१९ साली म्हाताऱ्याचे चित्र पाहून नाना आठवले हीच अंतःप्रेरणा, तुम्हाला ती ओळखता आली नाही एवढेच. या म्हणण्यात काही तथ्य असेल. चित्राने आमच्या इच्छेशिवाय नानांना त्या पानावर आणले हे खरे. कोरी रोजनिशी असती तर आम्ही त्या सकाळी विद्यापीठाच्या परिपत्रकाविषयी लिहिले असते. आपण होऊन आपण कुठे पाहतो, याच्या वाटा ठरलेल्या असतात. पण त्याच न्यायाने चंद्राचा पत्ता पाहून आम्हाला आठवलेल्या शंभर गोष्टींचे काय? म्हणून २०२२ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पहिली वही घेऊन बसलो आणि “असे होईल”, “असे वाटते” या धर्तीची सगळी वाक्ये वेगळी काढली. त्रेचाळीस निघाली. नऊ खरी ठरली होती. त्या नवांपैकी सहा आमच्याच हातच्या गोष्टींविषयी होती: हे काम मी पुरे करणार नाही, अमक्याला मी फोन करणार नाही. स्वतःच्या आळसाविषयी आमची अंतःप्रेरणा निर्दोष होती म्हणायची. बाकी बहुतेक वाक्ये भीतीची होती, दवाखान्याची, वाईट बातमीची, फोनची. ती जवळजवळ सगळीच फोल ठरली. एवढ्या त्रेचाळिसांत नानांविषयी एकही नव्हते.

या मोजणीने एक गोष्ट साधली. भीती आणि जाणीव यांची भाषा निरनिराळी आहे हे पानांवर दिसले. भीतीची वाक्ये लांब आहेत, त्यांत विशेषणे आहेत, ती भविष्यकाळात आहेत. जे खरोखर दिसले होते ते आखूड वाक्यांत आहे आणि बहुधा कंटाळ्याच्या सुरात: चौथ्यांदा विचारले, भाजीत मीठ दोनदा पडले, चष्मा फ्रिजमध्ये सापडला. तेव्हापासून दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही मागची पाने वाचतो. आधीची चार वर्षे लिहीत होतो, वाचत नव्हतो. मूर्खपणाच, पण रोजनिशी ठेवणारे पुष्कळ लोक तेच करत असावेत.

त्याच सुट्टीत गावाला जाणे झाले. घर विकावे असे भावाचे म्हणणे होते. गळके छप्पर, माणूस नाही, वाळवी. कागदावर त्याचे सगळे बरोबर होते. नाना म्हणाले, कौल लावल्याशिवाय नाही. कोकणात आणि गोव्यात ही रीत ठाऊक नाही असा माणूस विरळा: देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या किंवा कळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणे घालायचे आणि कोणती पाकळी आधी पडते ते पाहायचे, साधारणतः उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लहानपणी आम्ही हे डोळे विस्फारून पाहिले होते, कॉलेजात असताना नानांशी यावरून भांडलो होतो. या खेपेला पाकळ्यांकडे आमचे लक्षच गेले नाही. लक्ष गेले ते गाऱ्हाण्याकडे. पाकळी पडण्याच्या आधी गुरव सगळा प्रश्न मोठ्याने बोलला: कोणाचे घर, कोण मागतो, कशासाठी मागतो, कोणाला नको आहे. भावाचे नाव घेतले, आमचे घेतले. देवळात दहा-बारा माणसे होती, ती ऐकत होती. मग पाकळी काहीही पडो, आपण काय विचारले होते ते नंतर बदलायची सोय उरली नव्हती. आणि नाना, ज्यांना सकाळी वार आठवत नव्हता, ते गुरवाच्या प्रत्येक वाक्याला योग्य जागी “होय महाराजा” म्हणत होते.

कौल काय मिळाला ते सांगत नाही. घर अजून आहे.

पुण्याला परत आल्यावर वहीच्या पद्धतीत आम्ही एक बदल केला. पत्ता उलटण्याआधी तारखेखाली प्रश्न लिहायचा, शक्य तो नावानिशी. हे दिसते तितके सोपे नाही. “आज काय लक्षात घ्यावे?” असला गुळमुळीत प्रश्न कुणालाही लिहिता येतो. “मी नानांना दुपारी एकटे ठेवते ते कामामुळे की मला तिथे बसवत नाही म्हणून?” हे लिहायला तीन दिवस लागले. त्या सकाळी पत्ता कोणता आला ते पाहण्याची गरजच पडली नाही. तरी शिस्त म्हणून उलटला. पेल्यांची दुर्री होती. तिच्याविषयीच्या दोन ओळी अगदी सामान्य आहेत. दुपारचे तास आम्ही पुढच्या सत्रात सकाळी मागून घेतले. विभागप्रमुखांनी कारण विचारले तेव्हा प्रकृतीचे सांगितले. कुणाच्या, ते त्यांनी विचारले नाही.

हल्ली दुपारी नाना आमच्या टेबलाशी येऊन बसतात. गेल्या महिन्यात एकदा त्यांनी जोड उचलला आणि पिसू लागले. हातांना सगळे आठवत होते; पत्ते एकमेकांत अलगद शिरत होते. मग त्यांनी सात-सात पाने वाटली, आपली उचलून पंख्यासारखी धरली आणि विचारले, “हुकूम कोणता?”

आम्ही मोठे चित्रपत्ते वेगळे करून त्यांना दाखवले. म्हटले, “हे कायमचे हुकूम, नाना. रंग नसला की यातला टाकायचा.” मिलानच्या दरबारातही बहुधा नवख्याला असेच समजावत असतील. नानांनी मान डोलावली, सगळे पत्ते पुन्हा एकत्र पिसले, पुन्हा वाटले. उतारी त्यांची होती. ‘मनोरा’ आमच्या हातात होता आणि तो टाकावा की ठेवावा या विचारात असताना त्यांनी ‘सूर्य’ टाकून आमचे दहा नाण्यांचे पान मारले, हात ओढून घेतला आणि म्हणाले, “खेळ पुढं. पत्त्याकडे बघत काय बसलीस?”

त्या दिवशीच्या पानावर तारीख आहे, प्रश्न आहे आणि खाली लिहिले आहे: नाना पाच हात, मी दोन.